दोनशे माणसांचं वरण

२६ जानेवारीला मी माहेरी होते. मालवणपासून जवळच, खाडीच्या कडेला आमचं गाव. शाळेच्या मैदानात झेंडावंदन झालं, कवायत झाली आणि ऊन चढायच्या आत उरकायचा म्हणून माजी सैनिकांच्या सत्काराचा कार्यक्रम लगेच सुरू झाला. वारा माइकात शिरून मधूनच भसभसत होता. प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्यांवर पाच-सहा म्हातारे, छातीवर पदकं, एकदोघांच्या अंगात लग्नाकार्याचा कोट, त्याला डांबरगोळ्यांचा वास. शाल, श्रीफळ, टाळ्या. यंदा शाळेनं एक नवं काढलं होतं: मुलांनी सैनिकांना प्रश्न विचारायचे. चौथीतला एक मुलगा, तेल लावून केस चप्प बसवलेला, पाठ केलेला प्रश्न घेऊन नानांसमोर उभा राहिला. "आजोबा, तुम्ही किती शत्रू मारलेत?" नानांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "शत्रू मारूक नाय रे बाळा. कांदे मारलंय. पोत्यांनी." मंडपात हशा पिकला. निवेदन करणाऱ्या गुरुजींनी घाईघाईनं माइक त्यांच्या हातातून काढून शेजारच्या सुभेदारांकडे दिला आणि "आता आपण प्रत्यक्ष सीमेवर लढलेल्या वीराकडून ऐकू या" असं जाहीर केलं. नानाही हसत होते. त्यांना वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून तसंही कधी काही कळत नाही. मला मात्र तो हशा पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिला. त्यात कुचेष्टा नव्हती, हे खरं. गावातल्याच माणसांचं ते हसणं, प्रेमाचंच म्हणायचं. पण त्यात एक 'हात्तिच्या' होता. फौजी म्हणून बोलावला आणि निघाला आचारी.

नाना नेव्हीत कुक होते. मालाडच्या आयएनएस हमला या नौदल तळावर शिकले आणि मग जहाजांवर गेले, पंधरा वर्षं पुरी करून पेन्शनीवर घरी आले. आम्हा मुलांना त्यांनी जहाजाविषयी जे काही सांगितलं ते सगळं गॅलीतून (जहाजाच्या स्वयंपाकघरातून) दिसणारं होतं, म्हणजे फारसं काही न दिसणारं. गॅलीला समुद्र दिसत नाही, तो पायाखाली कळतो. पावसाळ्यात अरबी समुद्रावर जहाज डोलायला लागलं की टोप अर्धाच भरायचा. चुलीवर लोखंडी पट्ट्या आडव्याउभ्या अडकवलेल्या असतात, त्यांच्या चौकटीत टोप घट्ट बसवायचा, म्हणजे सरकत नाही. तरी वरण उसळी मारतंच. उकळतं वरण अंगावर येताना मागे सरायला जागा नसते, कारण मागे दुसरा टोप असतो. नानांच्या डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत चकचकीत, केस नसलेल्या कातडीचा पट्टा आहे. लहानपणी आम्ही तो गोळीचा व्रण समजायचो आणि दुसऱ्या वाडीतल्या पोरांना तसंच छातीठोक सांगायचो. नानांनी कधी दुरुस्त केलं नाही. कदाचित त्यांना ते माहीतच नसेल.

घरी चार माणसांचा भात त्यांना लावता येत नाही. "ह्येंचो हात शंभराखाली उतरणा नाय," असं त्यांची बायको, आमची काकी म्हणते आणि त्यांना चुलीपाशी फिरकू देत नाही. पण गावात सत्यनारायण असो, देवळातली समाराधना असो की कुणाचं बारावं-तेरावं, मोठा टोप चुलवणावर चढला की नानांना बोलावणं जातं. ते येतात, लुंगी वर खोचतात, कुणाशी फार बोलत नाहीत. पंगत उठली की सगळ्यांत शेवटी, टोपाच्या बुडाशी उरलेलं, उभ्यानंच खातात. गावातल्या कुठल्या माणसानं त्यांच्या हातचं खाल्लेलं नाही ते शोधावं लागेल. त्या दिवशी मंडपात हसणाऱ्यांत तरी असं कुणीच नव्हतं.

बाकी सत्कारांचं म्हणाल तर काकीकडे शालींची चवड आहे. कोकणात शाल पांघरायचे दिवस किती? एप्रिलात आंब्याच्या आढीला गवत कमी पडलं की ती एखादी शाल वरून पसरते.

तिच्याखाली हापूस एकसारखा पिकतो, असं तिचं म्हणणं.

सुभेदारांची गोष्ट मात्र मंडपाला हवी तशी होती. चौकी, रात्र, बर्फ, शत्रूची हालचाल, आणि शेवटी आवाज चढवून घोषणा. मुलं डोळे विस्फारून ऐकत होती. मी ती गोष्ट बऱ्याच सत्कारांत ऐकली आहे. पहिल्यांदा ऐकली तेव्हा बर्फ गुडघ्यापर्यंत होता, यंदा तो कमरेच्या वर गेला. मला त्यांचा राग येत नाही. हेच सुभेदार एकदा एस.टी.ची वाट बघत बसलेले असताना माझ्याशी वेगळंच बोलले होते. तिथे वर महिनेच्या महिने काहीच घडत नाही, म्हणाले. पायाची बोटं सुजतात, चहा ओठापर्यंत नेईस्तोवर गार होतो, घरचं पत्र येतं तेव्हा त्यातला आजारी माणूस एकतर बरा झालेला असतो किंवा गेलेला असतो. जूनमध्ये रेडिओवर कोकणात पाऊस सुरू झाल्याचं ऐकलं की सगळ्यांत जड जायचं, कारण तेव्हा घरी भातशेतीला माणसं लागतात. मी म्हटलं, हे का सांगत नाही तुम्ही शाळेत? तर म्हणाले, "ह्येका टाळ्यो पडणत नाय, बाय." भाव आपणच ठरवून ठेवले आहेत, ते बिचारे त्या भावानं माल देतात. म्हणून तर दरवर्षी बर्फ पडत राहतो.

आमच्या घरातही अशी एक गोष्ट वाढून बसली होती. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याक', आजच्या इराकात, गेले होते. आजी सांगायची, तिचे सासरे तुर्कांशी लढले. पुरावा म्हणून देवघराच्या फळीवर, कुंकवाच्या डब्याशेजारी, एक पदक असायचं. रंगानं काळपट तपकिरी. दिवाळीत चिंचेनं घासलं की तांबूस चमकायचं. आसपासच्या घरांतही तशी पदकं आली होती, पण ती चांदीची. वाईट वर्षी सोनाराकडे गेली आणि त्यांचे बाळांचे वाळे झाले. आमचं तेवढं टिकलं, कारण सोनार ते घेईना. का घेईना याचा कुणी विचार केला नव्हता. पुढे कधीतरी वाचनात आलं, की त्या युद्धाचं ब्रिटिश पदक लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मिळे आणि मजूर-हमालांच्या तुकड्यांतल्या माणसांना ब्राँझचं. चाल जुनीच होती. १९०३-०४ च्या तिबेट मोहिमेतही शिपायांना चांदीचं पदक आणि फौजेबरोबर ओझी वाहत, पाणी भरत, रांधत गेलेल्यांना ब्राँझचं. डोंगर दोघांनी तोच चढलेला. मी आमचं पदक खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरलं. कडेवरची अक्षरं चिंचेनं आणि राखेनं पार झिजलेली, तरी हमाल तुकडीचं नाव लागलं. पणजोबा तुर्कांशी लढले नव्हते. ते बसऱ्याला पोती वाहत होते.

काकाला सांगितलं, तर तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "ह्या आता भायर सांगा नको."

त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही, पण इतक्या लांब नेऊन माणसांकडून पोती का वाहवून घेतली ते शोधत गेले तेव्हा कुतचा वेढा समोर आला. बगदादच्या दारातून मागे फिरलेली जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये टायग्रिसकाठच्या कुत गावात अडकली. त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या, म्हणजे देशावरची आणि आपल्या कोकणातली पोरं. तिथे बंदुकीइतकंच भुकेनं मारलं. धान्याची मापं आठवड्यागणिक उतरत गेली. घोडे-खेचरं कापायची वेळ आली तेव्हा कित्येक हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस नाकारलं आणि खायला तयार झाले तोवर अंगात काही उरलं नव्हतं. हिरवं पान मिळेना, त्यामुळे हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं. ज्यांच्या परड्यात आवळे पडून कुजत आणि लिंबं कुणी उचलत नसे, ती ही माणसं. विमानांतून पोती टाकून पाहिली, काही नदीत पडली. २४ एप्रिल १९१६ च्या रात्री जुल्नार नावाची आगबोट २७० टन शिधा घेऊन वेढ्यातून वर निघाली आणि कुतच्या अलीकडेच तुर्कांच्या हाती लागली. पाच दिवसांनी कुत पडलं. १३,००० च्या आसपास माणसं कैद झाली आणि त्यांतली कितीतरी पुढच्या वाळवंटातल्या चालीत संपली. त्यानंतर कुठे इंग्रजांना जाग आली. बसऱ्याचं बंदर वाढवलं, रूळ टाकले, आणि धक्क्यावरचा माल पुढे न्यायला हिंदुस्थानातून मजूर आणि हमाल आणले. मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतलं गेलं ते त्या मालाच्या जोरावर. पणजोबांनी त्यात किती पोती घातली त्याचा हिशेब कुठे नाही. पण एवढं वाचल्यावर मला तांबूस रंगाची लाज वाटेनाशी झाली. काकाला अजून वाटते. त्याला कुतची गोष्ट सांगून पाहिली, त्यानं ऐकून घेतली आणि पदक कपाटात ठेवलं.

नावांचं तर विचारूच नका. बसऱ्याजवळ त्या लढाईतल्या मृतांचं भलं मोठं स्मारक आहे, ४०,००० हून जास्त माणसांचं. गोऱ्या शिपायांची नावं दगडावर कोरली गेली. हिंदी शिपायांपैकी अधिकाऱ्यांची तेवढी नावं, बाकीच्यांची पलटणीगणिक नुसती संख्या, नावं वहीत. आपल्या गावांमधून बसवलेल्या संगमरवरी पाट्याही त्याच धाटणीच्या. या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले, बस्स. महाड तालुक्यात ज्या गावाच्या नावातच फौज आहे त्या फौजी आंबवड्यासारख्या गावाला कोण गेला, कोण परतला हे सांगायला पाटी लागत नाही, घरोघर माहीत असतं. पण शंभर वर्षांनी तिथल्या पणतवंडानं शोधायचं म्हटलं तर त्याच्या हातीही आकडाच येतो. ओझी वाहणारे मेले ते त्या आकड्यात धरलेत की नाहीत, हा आणखी पुढचा प्रश्न.

म्हणून बंदूक चालवणाऱ्याचं मोल कमी करावं असं मला वाटत नाही. मुंबई-गोवा हायवेवर माणगावात गाडी अडकते, नेहमीच अडकते, तेव्हा मला नाईक यशवंत घाडगे आठवतात. ते याच माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले, आणि हा २२ वर्षांचा मुलगा एकटा मशिनगनच्या मोर्चावर धावून गेला. हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली आणि गोळ्या भरायला सवड उरली नाही तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानं उरलेल्या दोघांना लोळवलं. नंतर लपून बसलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. असं काही वाचलं की आपण काय बोलणार! खिडकीबाहेर वडापाववाला ओरडत असतो, कंडक्टर मोबाइल बघत असतो, आणि इथल्याच कुठल्याशा वाडीतून तो मुलगा इटलीपर्यंत गेलेला असतो.

पण मग त्याच किनाऱ्यानं खाली कारवारपर्यंत गेलं की रामा राघोबा राणे भेटतात. चेंडिया गावचे. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले. ते मिळालं कशाबद्दल, तर रस्ता मोकळा केल्याबद्दल. एप्रिल १९४८, नौशेराकडून राजौरीकडे आपले रणगाडे निघालेले, वाटेत पेरलेले सुरुंग, पाडलेली झाडं, उडवलेले पूल. राणे बॉम्बे सॅपर्सचे (लष्कराच्या इंजिनिअर दलाचे) सेकंड लेफ्टनंट. अंगावर जखम असताना, वरून गोळ्या येत असताना, माणसं घेऊन ते सुरुंग काढत राहिले, झाडं हटवत राहिले, वळणरस्ता करत राहिले. एका ठिकाणी तर चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, दोरीच्या ओढीनं चालकाला खुणा करत ते पुढे सरकले, असं सांगतात. तीन-चार दिवस आणि रात्री हेच. नानांसमोर उभ्या राहिलेल्या चौथीतल्या मुलानं राण्यांनाही तोच प्रश्न विचारला असता, किती शत्रू मारलेत, तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं? कदाचित सुरुंग मोजून दाखवले असते.

माझी स्वतःची एक अडचण आहे, ती सांगून टाकते. सैनिकांबद्दलचे कार्यक्रम, गाणी, फुगलेली भाषणं हे सगळं मला चटकन नकोसं होतं, आणि ते चाललेलं असताना डोळ्यांत पाणीही येतं. दोन्ही एकाच वेळी. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन तारकर्लीला झाला तेव्हाही तसंच झालं. महिनाभर आधीपासून रस्ते गुळगुळीत होत होते, त्याची आम्ही टिंगल करत होतो. आणि प्रत्यक्ष त्या दिवशी किनाऱ्यावर माणसांचा दर्या, डोक्यावरून कानठळ्या बसवत गेलेली विमानं, मागे सिंधुदुर्ग, आणि तिन्हीसांजेला दिवे लावून उभी राहिलेली जहाजं. नाना आमच्याबरोबर आले होते. विमानं आली तेव्हा सगळ्यांच्या माना वर, त्यांची समोर. जहाजाकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, "आज आत जेवाण काय आसतलां?" मग आपणच सांगू लागले: मोठे पाहुणे असले की गॅलीला पहाटे तीनला उठवतात, सगळा दिवस पांढरे कपडे डागायचे नाहीत, आणि परेड संपून सगळे एकदम खाली येतात तेव्हा भात गरम पाहिजे. वर कवायत बघून लोक टाळ्या वाजवत असताना खाली कुणीतरी घड्याळ बघत कणीक मळत असणार, हे आमच्या हजारोंच्या गर्दीत फक्त त्यांना दिसत होतं.

समुद्रावरच्या अशा माणसांची तर आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची रीघ आहे. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातले कितीतरी आजे-पणजे बोटीवर खलाशी होते, कुणी सारंग झाले, कुणी आगवाले. दोन्ही महायुद्धांत माल नेणाऱ्या बोटी पाणबुड्यांनी बुडवल्या तेव्हा ते खाली भट्टीपाशी कोळसा ओढत होते. त्यांना गणवेश नव्हता, सत्कार नाही, पेन्शन नाही. मुंबईत मस्जिद बंदरला जुन्या खलाशी निवासात त्यांची आठवण आहे, पहिल्या महायुद्धातल्या २,००० हून अधिक आणि दुसऱ्यातल्या हजारो खलाशांची, ज्यांना समुद्राखेरीज थडगं नाही. भोवताली हातगाड्या, हमाल, मसाल्याचा ठसका. रोज हजारो माणसं तिथून लोकल पकडतात, आणि त्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गातली किती असतील ते सांगायला नको.

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या गेटवर खेड तालुक्यातले एक निवृत्त हवालदार आहेत. फौजेतून चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतात ही माणसं, मुलांची शिक्षणं तेव्हा कुठे सुरू झालेली असतात. मग बँकेच्या दारात, एटीएमपाशी, मॉलमध्ये उभी राहतात. आमच्याकडे त्यांना सगळे 'वॉचमन' अशीच हाक मारतात. १५ ऑगस्टला झेंड्यात फुलं घालून घडी करणं, एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मारणं हे सोसायटीत फक्त त्यांना येतं. ते सगळं तयार करून दोन पावलं मागे सरतात, आणि दोरी अध्यक्ष ओढतात. सरकारनं २०२० पासून माजी सैनिकांना घरपट्टी माफ केली, ती सवलत गावच्या घराला मिळाली म्हणून त्यांनी मला पेढा दिला होता. रक्कम फार नव्हती. पण ग्रामपंचायतीच्या वहीत आपल्या नावापुढे तसं लिहिलं गेलं, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

गावाहून निघायच्या आदल्या दिवशी मी नानांकडे गेले. ते खळ्यात कुळीथ निवडत बसले होते, काकी आत. मी म्हटलं, नाना, ७१ च्या लढाईत तुम्ही बोटीवर होतात ना, तेव्हा काय रांधायचात? त्यांनी सूप खाली ठेवलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नसावं, कारण सुरुवात कुठून करावी ते त्यांना कळेना. मग बोलू लागले. सगळे आपापल्या जागी, मेसमध्ये जेवायला येऊ शकत नाहीत, म्हणून जेवण त्यांच्यापर्यंत न्यायचं. हातात धरून खाता येईल असंच करायचं. पुरीत बटाट्याची सुकी भाजी गुंडाळून. चहाच्या किटल्या दोरीनं बांधून शिडीवरून वर चढवायच्या. रात्री बाहेर उजेड दिसता कामा नये, आत मिणमिणते लाल दिवे, त्यात हळद कुठली आणि तिखट कुठलं ते वासावर ओळखायचं. आणि घंटा झाली की चूल बंद करून कुकनंही पळायचं. नानांची जागा तोफेचे गोळे हातोहात वर देणाऱ्या साखळीत. धोका सरला की परत येऊन चूल पेटवायची, तोवर कणीक आंबलेली.

९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन मुल्ला जहाज सोडून न जाता त्याच्याबरोबर गेले, ते सगळ्यांना माहीत आहे. नानांना आणखी एक माहीत होता, हमलात त्यांच्याबरोबर कांदे सोलायला शिकलेला मुलगा, खुकरीच्या गॅलीत. त्याचं नाव नानांनी मला सांगितलं, मी ते इथे लिहीत नाही. बातमी कळली त्या सकाळी यांच्या जहाजावर पुऱ्या केल्या होत्या. "तेवढ्याच एका दिसाचां जेवाण फुकट गेलां," म्हणाले, "नायतर माझां कधी उराक नाय." इकडे गावात नानांच्या आईनं खोताच्या घरी रेडिओवर ऐकलं की बोट बुडाली. मुलाच्या बोटीचं नाव तिला ठाऊक नव्हतं. पत्रावर पत्ता फ्लीट मेल ऑफिस, मुंबई, एवढाच. मुंबईची बोट, म्हणजे तीच असणार, असं धरून ती बसली. पोस्टकार्ड यायला किती दिवस लागले ते आता सांगायला कुणी नाही. काकी तेव्हा या घरात आलेली नव्हती, पण सासूनं तिला हे इतक्या वेळा सांगितलं की तीच आतून तपशील पुरवत होती: कुठल्या वारी कार्ड आलं, पोस्टमन कुठल्या बाजूनं आला, सासूनं त्याला काय खायला घातलं.

मी वहीत काहीतरी टिपून घेते आहे हे नानांच्या लक्षात आलं. "लिवतंस काय?" म्हणाले. "लिवतलंस तर मापां बरोबर लिव. दोनशे माणसांक सोळा किलो डाळ, तुरीची. भाजी पातळ आसली तर चौदा पुरे. दर्याक उधाण आसला तर टोप अर्धोच भरूचो आणि दोनदा करूचां. फोडणी आधी नाय, डाळ मोडल्यार." मी लिहून घेतलं. मीठ किती, विचारलं. ते सांगणार इतक्यात आतून काकीचा आवाज आला, "मिठाचा त्यांका विचारू नको. गेल्या पुजेक वरण खारट झाला होता, ता पण लिव." नाना एकदम उसळले. "ता मीठ माझां नव्हतां! मी टाकून गेलंय, मागसून सरपंचाच्या भावान परत टाकल्यान!" त्यावरून दोघांची जी जुंपली, ती मी चहा पिऊन उठले तरी चालूच होती.